खातेदार परदेशात, फोटो पऱ्हाटीत

"मामा, ॲप आहे, फोन आहे, तरी आपल्याकडचे शेतकरी ई-पीक पाहणी करत नाहीत, आळस, दुसरं काय!" पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा परवा फोनवर म्हणाला आणि तेव्हापासून हा 'आळस' माझ्या डोक्यातून जात नाही. तंत्रज्ञानाच्या आधाराने माणसे एकत्र काम कशी करतात, याच्या संशोधनावर डेन्मार्कच्या ऑर्हूस शहरात माझे पोट चालते, त्यामुळे तो शब्द मला जरा जास्तच लागला असावा.

पूर्वी तलाठ्याने करायची पिकाची नोंद २०२१ पासून या ॲपमुळे शेतकऱ्याच्या हाती आली. (तलाठी कित्येकदा गावात बसूनच पेरा भरत, हेही खरे.) जास्तीचे काम एकाच्या माथी आणि फायदा दुसऱ्याच्या पदरी पडला, की अशा प्रणाली फसतात, असे संगणक-संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ सालीच मांडले होते. इकडे स्कँडिनेव्हियात १९८१ ते १९८५ दरम्यान 'युटोपिया' प्रकल्पात छापखान्याच्या कामगारांपुढे आधी पुठ्ठ्याचे संगणक ठेवले, त्यांच्याकडून काम करून पाहिले आणि मगच खऱ्या यंत्राचा विचार झाला. आमच्या दारव्ह्याकडच्या किती शेतकऱ्यांपुढे असा पुठ्ठा ठेवला होता? त्या प्रकल्पातून बाजारात फारसे काही आले नाही, हे मी वर्गात सांगतो. भाच्याला सांगितले नाही. माझे मितआयडी, म्हणजे इथली डिजिटल ओळख, अडले, तर मी बोर्गरसर्विस या पालिकेच्या नागरिक सेवा केंद्रात टोकन घेऊन बसतो आणि समोरच्या बाई ते सुरू करून देतात. मला कोणी आळशी म्हणत नाही.

बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर धाकट्या भावाबरोबर माझेही नाव लागले. गेल्या सप्टेंबरात त्याने पऱ्हाटीतून मला फोटो पाठवला: हिरवी बोंडे आणि खाली चिखलाने भरलेल्या त्याच्या चपला. धुऱ्यावरच्या बाभळीखाली एरवी थोडी रेंज येते, त्या दिवशी फोटो मला आला, पण ॲपवर काही केल्या चढेना. "भाऊ, तुमचा तं हाच अभ्यास हाय, सांगा ना कसं करू," तो म्हणाला. ते ॲप मी तोवर एकदाही उघडून पाहिलेले नव्हते. मी सायकलवर होतो, वारा फार होता. नंतर फोन करतो, म्हटले, आणि विसरलो. संध्याकाळी शेजारच्या पोराने त्याला गाडीवर फाट्यापर्यंत नेऊन दोघा खातेदारांच्या नावची नोंद करून दिली. त्या पोराचे नाव मी अजून विचारलेले नाही.