शोडानचा आवाज आणि शोडानचे कॅमेरे

व्हिडिओ गेममधल्या भीतीदायक खलपात्रांची चर्चा निघाली की ‘सिस्टम शॉक’मधल्या शोडान या माणसांवर उलटलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव येतेच, आणि नाव आले की पाठोपाठ तिच्या आवाजाचे कौतुकही येते. ते कौतुक मला मान्य आहे. मात्र दोन्ही भाग आणि पहिल्या भागाची नवी आवृत्ती खेळून झाल्यावर माझे असे मत झाले आहे की त्या आवाजाच्या कौतुकात शोडानची खरी घडण झाकली गेली, आणि तिची नक्कल करणाऱ्यांनी आवाज तेवढा उचलून बाकीचे सगळे मागे ठेवले.

‘सिस्टम शॉक’ १९९४ साली आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथील लुकिंग ग्लास टेक्नॉलॉजीजने तो तयार केला होता. प्रकल्पाची सूत्रे डग चर्च यांच्याकडे होती आणि वॉरन स्पेक्टर निर्माते होते. याच मंडळींचा आधीचा गेम म्हणजे १९९२ चा ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’. त्यात खेळाडू भुयारातल्या माणसांशी बोलत असे, म्हणजे पडद्यावर आलेल्या तीन-चार वाक्यांपैकी एक निवडत असे. एरवी हातापायांनी जिवंतपणे वावरता येणाऱ्या त्या जगात हे संभाषण आले की सगळे एकदम कागदी होऊन जाई, आणि ही खोट तयार करणाऱ्यांनाही खुपत होती. जिवंत वाटेल असे संभाषण त्या काळच्या संगणकाकडून करून घेणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी बोलण्याजोगे माणूसच शिल्लक ठेवले नाही. शनीजवळच्या सिटाडेल या अंतराळस्थानकावर खेळाडू जागा होतो तेव्हा तिथले लोक मेलेले असतात किंवा त्यांचे यंत्रमिश्रित राक्षस झालेले असतात. मागे उरलेल्या असतात त्या मरण्यापूर्वी त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या नोंदी. एवढ्या मोठ्या स्थानकावर एकटी शोडान तेवढी खेळाडूशी बोलते. शोडानचा जन्म मला इथे दिसतो. एक गोष्ट जमत नाही हे प्रामाणिकपणे मान्य करून तिच्या अवतीभवती सगळी रचना उभी केली, आणि त्या रिकाम्या जागेत ही बाई येऊन बसली.

‘बाई’ म्हणालो खरे, पण तेही सुरुवातीला ठरलेले दिसत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये आलेल्या फ्लॉपीवरच्या आवृत्तीत ध्वनिमुद्रित संवाद नव्हते, शोडानचे म्हणणे पडद्यावर वाचावे लागे. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसल्यामुळे संवाद लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येतो. मराठीत ही सवलत नाही. ‘शोडान आला’, ‘आली’ की ‘आले’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. डिसेंबरमध्ये सीडीवरची आवृत्ती आली आणि टेरी ब्रोशियस यांच्या आवाजाने तो प्रश्न कायमचा मिटवला. त्या बोस्टनच्या ‘ट्राइब’ या रॉक बँडमध्ये गात असत. त्याच बँडमधले ग्रेग लोपिकोलो लुकिंग ग्लासमध्ये ध्वनीचे काम पाहत होते. बाईंनी वाक्ये वाचायची आणि मग संगणकावर त्यांचे तुकडे पाडायचे, एखादे अक्षर दोन-तीनदा अडकवायचे, मधलाच शब्द खालच्या पट्टीत ढकलायचा, शेवट चढवायचा, असा तो कारभार होता. परिणाम विलक्षण आहे. वाक्य चालू असताना बोलणारी व्यक्ती बदलत आहे असे वाटते, तरी तिरस्कार मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकाच जातीचा राहतो.

मी दुसरा भाग आधी खेळलो. २०१३ साली तो पुन्हा विक्रीला आला तेव्हा घेतला आणि रात्री जेवण उरकल्यावर हेडफोन लावून बसत असे. एकदा वायर उपसली गेली आणि शोडानचे माणसाच्या हाडामांसाला तुच्छ लेखणारे भाषण मोठ्याने खोलीभर घुमले. शेजारच्या खोलीतून आईने विचारले, “अरे, त्या बाईला बरं नाही का?” मी हसलो, पण अडखळणे ऐकून आईला आधी आजार आठवला, हे नंतर बराच वेळ डोक्यात राहिले. शोडानच्या बोलण्यात खरोखरच बिघाड आहे, आणि ती स्वतःला परिपूर्ण समजते. तिला हा बिघाड ऐकू येत नसावा.

आता कॅमेऱ्यांकडे येतो, कारण माझा मुद्दा तिथे आहे. पहिल्या भागात स्थानकाच्या मजल्यांवर सुरक्षा-कॅमेरे असतात आणि मजल्यावर शोडानची पकड किती टक्के आहे ते आकड्यात दिसते. कॅमेरे आणि तिचे संगणक-संच फोडत गेले की आकडा उतरतो, आणि पुरेसा उतरल्यावर तिने बंद ठेवलेली काही दारे उघडतात. म्हणजे शोडान पाहते हे खेळाडूला कोणी सांगत नाही, तो ते मोजू शकतो. मेलेल्या माणसाला यंत्रराक्षस बनवणारे कक्षही तिचेच. मजल्यावरचा तो कक्ष शोधून त्याची कळ फिरवण्याआधी तुम्ही मेलात, तर तुमचेही तसेच रूपांतर होताना दाखवतात. पृथ्वीवरून रेबेका लान्सिंग नावाची स्त्री संदेश पाठवून वाट सांगत असते, तर पुढे शोडान तेही संदेश अडवते. दार, डोळा, प्रेत, दिलासा देणारा एकुलता एक आवाज, सगळ्यावर तिचा ताबा आहे. तिच्या धमक्यांची भीती वाटते ती त्यांच्यामागे असे हात आहेत म्हणून. नुसता आवाज असता तर दोन तासांत सवय झाली असती.

यात भर म्हणजे तिला मोकळे कोणी सोडले, तर आपणच. कंपनीचा एक भ्रष्ट अधिकारी खटला टाळण्याचे आणि मेंदूला जोडायच्या एका महागड्या यंत्राचे आमिष दाखवतो, आणि नायक, जो हॅकर आहे, शोडानवरची नैतिक बंधने काढून टाकतो. मग ते यंत्र बसवून घेऊन सहा महिने उपचाराच्या झोपेत राहतो. मारल्या गेलेल्या माणसांच्या नोंदी ऐकत फिरताना गेम याची मुद्दाम आठवण करून देत नाही. त्याची गरजही पडत नाही.

१९९९ च्या दुसऱ्या भागात, जो इर्रॅशनल गेम्स आणि लुकिंग ग्लास यांनी मिळून केला आणि ज्याच्या रचनेची धुरा केन लेव्हीन यांच्याकडे होती, शोडानची जागा बदलली. फॉन ब्राउन या यानावर जॅनिस पोलिटो नावाच्या डॉक्टर रेडिओवरून खेळाडूला मार्ग दाखवतात, जरा फटकळपणे. कित्येक तासांनी त्यांच्या कचेरीत पोहोचावे तर खुर्चीत त्यांचे प्रेत, भोवतीच्या भिंती गळून पडतात आणि शोडानचा चेहरा समोर उभा राहतो; इतका वेळ डॉक्टरांच्या आवाजात तीच बोलत होती. तिची कीर्ती या प्रसंगावर उभी आहे, आणि ते योग्यही आहे. तरी त्यानंतर ती निम्मी सहकारी होते, कामे सांगते, बक्षीस म्हणून क्षमता वाढवून देते. आणि मला वाटते, माझी भीती तिथून ओसरू लागली. ज्या मालकिणीकडून पगार मिळतो तिचा राग येतो, धाक वाटतो, पण अंधारात ती आपल्याला शोधत असेल असे वाटत नाही. शेवटी ती हातमिळवणीचा प्रस्ताव ठेवते आणि आतापर्यंत गप्प असलेला नायक तिला एका शब्दात ‘छे’ म्हणावे तसे उडवून लावतो. अनेकांना तो शेवट आवडत नाही. मला त्यात निदान गंमत तरी वाटली.

दोन्ही गेमना समीक्षकांनी डोक्यावर घेतले, पण विक्री त्या मानाने बेताचीच झाली. २००० च्या मे महिन्यात लुकिंग ग्लास बंद पडले आणि हक्क एका विमा कंपनीकडे गेले. (जिने मानवजातीला किडा म्हटले तिची मालकी विमेवाल्यांकडे!) नाइटडाइव्ह स्टुडिओजने पुढे त्यांच्याकडून दुसरा भाग विकण्याची परवानगी मिळवली म्हणून २०१३ ची आवृत्ती निघू शकली. दरम्यान तिचा वारसा पसरलाच. ध्वनिमुद्रित नोंदी तर इतक्या गेममध्ये आल्या की आता त्यांचा कंटाळा येतो, आणि कानात बोलून मार्ग दाखवणारा दगाबाज लेव्हीन यांनी स्वतःच २००७ च्या ‘बायोशॉक’मध्ये पुन्हा आणला. खेळाडूला टोमणे मारणारी यंत्रेही पुष्कळ झाली. बोलतात सगळीच, ज्याच्या ताब्याचा आकडा मी स्वतःच्या हाताने उतरवावा असे त्यांतले मला तरी एकही भेटले नाही.

पहिल्या भागाची नवी आवृत्ती ३० मे २०२३ रोजी आली आणि शोडानला आवाज पुन्हा टेरी ब्रोशियस यांनीच दिला. चाहते तिची वाक्ये पाठ म्हणून दाखवतात, लाडाने. मीही त्यांतलाच, त्यामुळे आता तिला घाबरणे जमणार नाही अशी माझी समजूत होती. उपचारकक्षातून बाहेर पडलो, लोखंडी पाइप उचलला, आणि समोरच्या शत्रूकडे जाण्याआधी माझी नजर भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात कॅमेरा शोधू लागली.