पंखा बंद कर, मग बोल

रविवारी दुपारी फोन. दोन गल्ल्या सोडून राहणारे काका, माझ्या वयाइतका जुना हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेले. नमस्कार-चमत्कार नाही. "अरे, तू पस्तीस हर्ट्झ खाली आहेस."

असं कुणी म्हटलं की हात आधी पँटच्या चेनकडे जातो.

प्रकरण विस्परचं, म्हणजे हॅम लोकांच्या एका खेळाचं. २०० मिलिवॅटवर दोन मिनिटं रेडिओतून कुजबुजायचं. जगात ज्याला ऐकू येईल त्याचं सॉफ्टवेअर तुमची फ्रिक्वेन्सी नेटवर टांगतं. मी पाठवत होतो १४.०९७०९० मेगाहर्ट्झवर. काकांकडे ती उमटली १४.०९७०५५.

अर्ध्या तासात काका दारात. हातात कोरोनाकाळात सोसायटीच्या गेटवर असायची ती तापाची बंदूक. माझ्या रेडिओवर रोखून म्हणाले, "अडतीस पॉइंट चार. ताप आहे याला. पंखा बंद कर."

"काका, एप्रिल आहे."

"फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलला वारा लागतो."

"मलाही लागतो. म्हणूनच लावलाय."

पंखा बंद झाला. आम्ही दोघं निथळत स्क्रीनकडे बघत बसलो. बायको डोकावली आणि काही न बोलता गेली. चहा आला नाही.

"रेडिओ जुळवला होतास कशाशी?"

"चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राशी, १० मेगाहर्ट्झवर."

"चिनी?" काकांचा चेहरा पडला.

"अणुघड्याळ आहे हो त्यांच्याकडे!"

"पण चिनी."

"तुमचा कधी जुळवलात?"

"जुळवायचा कशाला? जपानी आहे."

तेवढ्यात नोंदी आल्या. शेवटचे तीन आकडे: थायलंड ०९३, ऑस्ट्रेलिया १०४, आणि खुद्द जपान ०८८. काकांचा पुन्हा ०५५. मी नुसतं बोट ठेवलं. काका म्हणाले, "लांबून येताना फरक पडतो."

पडतो, एखाद-दुसऱ्या हर्ट्झचा. पस्तीसचा नाही! या बँडवर एक पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक, म्हणजे १४ हर्ट्झ. साध्या क्रिस्टलचा रेडिओ अडीच पीपीएम सहज चुकतो, मग तो माझा असो की काकांचा. सॉफ्टवेअर काय करतं, तर ऐकणाऱ्याची डायल, म्हणजे त्याच्या रेडिओवर लावलेली फ्रिक्वेन्सी, खरी मानतं आणि त्यात ऐकू आलेल्या सुराचे हर्ट्झ मिळवतं. डायल खोटी, तर माझा आकडाही खोटा. संदेश मात्र बिनचूक उलगडतो, कारण त्याला सुरांमधलं दीड हर्ट्झचं अंतर पुरतं. म्हणून कुणाला संशयच येत नाही. ताजवा वाकडा, पावती ग्रॅमपर्यंत! दशांशानंतर सहा आकडे छापता, तर शेजारी 'माझा रेडिओ एवढा चुकू शकतो' असा एक रकाना ठेवायला काय जातं? आणि तोवर गुन्हेगार कोण, तर पाठवणारा. ऐकणारा कायम साक्षीदार.

काका गेले. "तरी बघून घे," हे जिन्यातून.

मी पंखा पाचवर केला आणि पुन्हा पाठवलं. दोन मिनिटं संपतात न संपतात तोच फोन वाजला.

"ड्रिफ्ट उणे एक दिसतोय, फ्रिक्वेन्सी खाली सरकतेय. लावलास ना पंखा?"