कॅन्सरच्या पेशी फक्त साखरेवर जगतात? त्या मेसेजमधलं खरं किती

तो मेसेज परत फिरतोय. कॅन्सरच्या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) बंद पडलेले असतात, त्या फक्त साखरेवर जगतात, म्हणून साखर तोडा, मायटोकॉन्ड्रिया बंद करणारी मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) घ्या आणि ब्लड कॅन्सर बरा, आणि म्हणे यालाच १९३१ चं नोबेल मिळालंय. आमच्या घरात एएमएलचा, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या एका ब्लड कॅन्सरचा, पेशंट होता, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी नोबेल. ऑटो वॉरबुर्गना ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधासाठी मिळालं, कॅन्सरसाठी नाही. ट्यूमर ऑक्सिजन असतानाही भरपूर ग्लुकोज खातात हे त्यांनी पाहिलं ते खरंच, पण श्वसन बिघडल्यानेच कॅन्सर होतो हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही.

आता मायटोकॉन्ड्रिया. आधीच बंद असतील तर ते बंद करायला गोळी कशाला? एएमएलमधे उलटंच दिसतं, ज्या स्टेम पेशींमुळे (कॅन्सरच्या मूळ पेशींमुळे) आजार परत येतो त्याच पेशी मायटोकॉन्ड्रियावर जास्त अवलंबून असतात, म्हणून तर मायटोकॉन्ड्रिया अडवणाऱ्या औषधांवर (इनहिबिटरवर) एवढा रिसर्च चाललाय.

साखर तोडून काय होणार? तुम्ही खाल्ली नाही तरी लिव्हर ग्लुकोज बनवून रक्तात सोडतंच, सोडावंच लागतं, कारण लाल रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतातच, ती बिचारी पूर्ण ग्लुकोजवर जगते. आणि ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, पेशी अमिनो अॅसिड, फॅटी अॅसिडही वापरतात. (उपाशी मारणं एका ठिकाणी चालतं, एएलएल या दुसऱ्या ब्लड कॅन्सरमधे अॅस्परॅजिनेज देऊन रक्तातलं अॅस्परॅजिन हे अमिनो अॅसिड संपवतात, पण ते इंजेक्शनने, जेवण तोडून नाही.)

गोळीचं म्हणाल तर लॅबच्या डिशमधे मेटफॉर्मिनचा जो डोस पेशी मारतो तो बहुतेक वेळा पेशंटच्या रक्तात पोचतो त्याच्या कितीतरी पट असतो. मग जोरदार औषध द्यावं? तेही करून झालंय. आयएसीएस-०१०७५९ हे औषध मायटोकॉन्ड्रियातलं कॉम्प्लेक्स वन (ऊर्जा बनवण्यातलं एक एन्झाइम) अडवतं, उंदरांमधे छान चाललं, पण माणसांवरच्या ट्रायलमधे, त्यात एएमएलचे १७ पेशंट होते, रक्तात लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट जळल्यावर उरणारा पदार्थ) वाढलं, नसांना इजा झाली, ट्रायल थांबवावी लागली. २०२३ मधे हे सगळं छापून आलंय. नसांनाही मायटोकॉन्ड्रिया लागतातच ना.

आणि "डॉक्टर लपवतात" म्हणणाऱ्यांनी व्हेनेटोक्लॅक्स बघावं, मायटोकॉन्ड्रियातूनच काम करणारं हे औषध डॉक्टर उघडपणे देतात. ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावरचं बीसीएल-२ (पेशीला मरू न देणारं प्रोटीन) अडवतं, मग पेशी स्वतःच मरते. जोरदार किमो न झेपणाऱ्या एएमएल पेशंटना नुसतं अॅझासायटिडिन (सौम्य किमोचं औषध) दिलं तेव्हा मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले ते, ९.६ महिने होतं, जोडीला व्हेनेटोक्लॅक्स दिल्यावर १४.७. २०२० मधे आकडे जाहीर झाले. आमच्यासारख्या घरात ते पाच महिने काय असतात ते आम्हाला माहितीये.