युद्धातल्या निवडणुकीवर लेख कसा पाडावा

परवा एका दैनिकात लेख वाचला. युद्ध चालू असताना पक्षांनी आपसात भांडू नये, १८६४ साली अमेरिकेत फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांशी यादवी युद्ध चालू असताना निवडणूक आली, तेव्हा अध्यक्ष लिंकनच्या पाठीशी सगळे कसे एकदिलाने उभे राहिले, वगैरे. मी लगोलग पत्र पाठवलं : ‘लेख वाचनीय आहे, पण त्यातला इतिहास साफ चुकीचा आहे.’ छापून काय आलं? ‘लेख वाचनीय आहे.’ पूर्णविरामासकट, खाली माझं नाव.

तेव्हा म्हटलं, आपणच शहाणं व्हावं. तुम्हालाही असे लेख पाडायचे असतील (का नसावेत? मानधन मिळतं), तर चार गोष्टी ऐका.

सुरुवात घोड्याने करा. नदी ओलांडताना घोडे बदलू नयेत, असं लिंकन जून १८६४ मध्ये म्हणाला होता. त्याने ते एका म्हाताऱ्या डच शेतकऱ्याच्या तोंडी घातलं होतं. तुम्ही शेतकऱ्याला वगळा. घोडा बदलायचाच नसेल तर निवडणूक कशाला घेता, असं कुणी विचारत नाही.

‘एकजूट’ हा शब्द दर परिच्छेदात एकदा.

पुरावा मागितलाच, तर त्या वर्षी लिंकनच्या रिपब्लिकनांनी पक्षाचं नावच ‘नॅशनल युनियन’ केलं आणि उपाध्यक्षपदासाठी अँड्र्यू जॉन्सन हा विरोधी पक्षातला डेमोक्रॅट घेतला, एवढं सांगून थांबा. त्यांच्यातल्याच कडव्यांनी मे महिन्यात क्लीव्हलंडला वेगळी चूल मांडून लिंकनविरुद्ध फ्रीमाँटला उभं केलं, ते नको. वेड आणि डेव्हिस या त्यांच्याच गोटातल्या दोघा खासदारांनी ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मधून लिंकनवर जाहीर तोफ डागली, तेही नको. वाचक उगाच गोंधळतो.

आपल्या माणसांत फूट पडली तर ते विचारमंथन. पलीकडे पडली तर मात्र हात आखडू नका. डेमोक्रॅटांनी तर आयतं ताटच वाढून ठेवलं होतं. ऑगस्टअखेर शिकागोच्या अधिवेशनात जाहीरनामा काढला की युद्ध फसलंय, थांबवा; आणि उमेदवार कोण, तर सेनापती मॅक्लेलन! शाई वाळते न वाळते तोच २ सप्टेंबरला बंडखोरांचं अटलांटा शहर लिंकनच्या फौजेच्या हाती पडलं. ८ तारखेला उमेदवाराने पत्र लिहून स्वतःच्याच जाहीरनाम्यातून अंग काढून घेतलं.

आपण निःपक्ष आहोत, हे ठणकावून लिहा. इथे गुरू एकच, हेन्री रेमंड. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा संपादक, आणि त्याच वेळी लिंकनच्या पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीचा अध्यक्ष! अग्रलेखही यानेच लिहायचे आणि निवडणूकही यानेच लढवायची. २२ ऑगस्टला या गृहस्थाने लिंकनला खासगी पत्र पाठवलं. वारं आपल्या विरोधात फिरलंय, तेव्हा बंडखोरांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्याकडे तहाची बोलणी करायला माणसं पाठवा, अट एकच, राज्यघटना मान्य करा. गुलामगिरीचं काय? ते मागाहून बघू. म्हणजे विरोधकांनी भर सभेत म्हटलं की देशद्रोह, आणि जवळपास तेच पाकिटात घालून पाठवलं की मुत्सद्देगिरी. दुसऱ्याच दिवशी खुद्द लिंकनने एका कागदावर लिहिलं की हे सरकार बहुधा पुन्हा निवडून येणार नाही, घडी घातली, आणि मजकूर न दाखवता मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. निवडणूक होईपर्यंत मंत्र्यांनाही तो वाचायला मिळाला नाही. आणि हे म्हणे एकदिलाने उभे होते! कुठलं एकदिल? लिंकनला सुमारे ५५ टक्के मतं पडली, मॅक्लेलनला ४५. आणि हे बंडखोर राज्यं मतदानात नसताना! ज्या बाजूने युद्ध लढवलं जात होतं, त्याच बाजूच्या शंभरातल्या पंचेचाळीस मतदारांनी घोडा बदलायला मत दिलं होतं. हे शोधायला काय तळघरात जावं लागतं? कुठलंही बरं पुस्तक उघडा, सापडेल. पण उघडायला हवं ना!

बरं, ते भांडत होते ते काय हौस म्हणून? माणसांना गुलाम म्हणून ठेवायचं की नाही, जिंकल्यावर दक्षिणेला कसं वागवायचं, अजून किती पोरं मारायची, यावरून भांडत होते. युद्धात यावर भांडायचं नाही तर कशावर? आणि लेखकमहाशय, तुमच्या अख्ख्या लेखात पक्ष कशावरून फुटतात याची एक ओळ नाही. कोण रुसलं, कोण कुणाच्या गाडीतून बैठकीला गेलं, कोण फोटोत कडेला उभा होता, हे मात्र रकानाभर. ज्याच्या घरचं कुणी आघाडीवर आहे तो पेपर उघडतो ते हे वाचायला? त्याला मत द्यायचंय हो! त्याला ‘गप्प राहा, एक व्हा’ सांगायचा तुम्हाला अधिकार कुणी दिला? थोडी तरी लाज धरा.

आणि पत्र छापायचं तर पुरतं छापा. नऊच शब्द होते.