सुकला का?

आमच्या बेडरूममधल्या जुन्या कपाटाच्या दारावर आज सकाळपासून एक अंगठा उमटलेला आहे. तो घरातल्या कुणाचाच नाही.

कपाट सासूबाईंच्या लग्नातलं, सागवानी, पॉलिश पार काळवंडलेलं. नवीन घेणं परवडत नाही, म्हणून इतवारी बाजारातून प्रायमर, ऑइलपेंट, टर्पेंटाइन आणलं आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला बसले. मे महिन्यात घरात कूलर बंद ठेवता येत नाही, आणि चालू ठेवला तर जाळीतलं गवत उडून ओल्या रंगाला चिकटतं. म्हणून कपाट पोर्चमध्ये काढलं. पोर्चमध्ये शेजारचे काका असतात.

"काहून वं सूनबाई, सागवानाले कोनी रंग मारते का?"

काका जंगल खात्यातून रिटायर झालेले.

"अयोध्येच्या मंदिराले आपल्या बल्लारशाचं सागवान गेलं. २०२३ मंधी मिरवणूक काढून नेलं! नव्या संसदेतबी नागपूरचंच सागवान हाय. त्यायनं मारला का ऑइलपेंट?"

"नाही मारला."

"मंग?"

मग खुर्ची आली (त्यांची), चहा आला (माझा). लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) नीट भरली का, ब्रश उभा मार, आता आडवा मार. पॉलिश पेपरला मात्र हात लावला नाही. कंबर धरते म्हणे.

आज सकाळी दुसरा हात मारून मी ब्रश धुवायला वळले. "सुकला का?" म्हणत काकांनी दाराच्या बरोब्बर मधोमध अंगठा दाबला. नीट निरखून पाहिला. "नाई सुकला," असा निकाल दिला आणि अंगठा दोरीवरच्या माझ्या ओढणीला पुसला.

मागच्या दिवाळीत नवऱ्याने गेट रंगवलं, तेव्हा हेच काका "लय हौशी पोरगा हाय" म्हणत होते. गेटवर अजून रंगाचे ओघळ आहेत. ते कुणी दाबून पाहिले नाहीत. बाईच्या हातात ब्रश दिसला की मात्र अख्ख्या कॉलनीला रंगकाम येतं. पेंटर लावला असता तर त्याला निदान सावलीत बसून बिडी तरी ओढू दिली असती.

आता हे दार कडक वाळू द्यायचं, ३२० नंबरने घासायचं आणि अख्ख्या दारालाच परत एक हात मारायचा, कारण तेवढाच ठिपका रंगवला तर तो उठून दिसतो. काकांना हे ऐकवलं.

"मी तं पयलेच म्हनलं होतं," काका म्हणाले, "रंग मारू नोको."