"फक्त एकच कॉलम आहे, मॅडम"

आज दुपारी ऑफिसात माझा आवाज जरा जास्तच चढला. घरी आले तरी डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

झालं असं, एका साइटचा क्यूब टेस्टचा (काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचे आणि ताकद बघायची, त्याचा) रिपोर्ट टेबलावर आला. एम२५ काँक्रीट, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद हवी. तीन क्यूब. ताकद २६.२, २६.२, २६.२. आता एकाच गाडीतलं काँक्रीट, एकाच माणसाने भरलेलं, तरी तीन क्यूब असे तिळ्या भावंडांसारखे निघत नाहीत हो. साइटवरच्या मुलाला फोन लावला. आधी "हो मॅडम, तसेच आलेत". मग शांतता. मग हळूच, "मॅडम, फक्त एकच कॉलम आहे. आणि आजवर कुठे काय झालंय?"

त्या 'फक्त'वर माझी सटकली. नको ते बोलले. आजूबाजूचे सगळे मान खाली घालून कीबोर्ड बडवत होते.

सटकली, कारण हा 'फक्त' माझ्या ओळखीचा आहे. २२ वर्षांपूर्वी, पहिल्याच नोकरीत, मी साइटच्या लॅबमध्ये मशीनपुढे उभी होते. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी: १५० मिलिमीटरचा क्यूब दोन जाड प्लेटांमध्ये ठेवून दाब वाढवत नेतात. डायलवर काळा काटा चढतो आणि जाताना लाल काट्याला पुढे ढकलतो. क्यूब फुटला की काळा मागे येतो, लाल तिथेच थांबतो. कुणी हाताने फिरवेपर्यंत तो तिथेच. त्या दिवशी लाल काटा ४१० किलोन्यूटनवर थांबला. दुसऱ्याला ४३०. तिसऱ्याला ४०५. एम२५ला साडेपाचशेच्या वर जायला हवं होतं. सरासरी ताकद भरली १८.४.

साहेब मागेच होते. ओरडले नाहीत, धमकावलं नाही. अगदी घरातल्या मोठ्या माणसासारखं म्हणाले, "पोरांनी क्यूब नीट ठोकले नसतील गं. तू ५८५, ६००, ५९० लिही." रजिस्टर पुढे सरकवलं. मी लिहिलं. निळ्या पेनाने, सुवाच्य अक्षरात. खाली सही केली. आणि लाल काटा मीच शून्यावर आणला.

इमारत उभी आहे. लोक राहतात. काही म्हणजे काही झालं नाही.

आणि याच वाक्याचा मला आता राग येतो. 'काही झालं नाही' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा खोटा साक्षीदार आहे. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान आठवतंय ना? कॉलेजात आम्हाला ते एका तासात उरकलं होतं, परीक्षेला पाच मार्कांना यायचं. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी रिंगा आधीच्या उड्डाणांतही जळालेल्या सापडल्या होत्या. पण यान परत आलं होतं ना! परत आलं की पुरावा वाढला, चालतंय म्हणून. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचेच इंजिनिअर, त्यात रॉजर बॉइसजोली, कळवळून सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका, रबर कडक पडतं. त्यांच्या इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला वरिष्ठाने सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात माणसं गेली.

टोपी! जणू टोपी बदलली की खालचं डोकंही बदलतं.

कॅन्सस सिटीच्या हयात हॉटेलचंही तेच. एकाखाली एक असे, माणसांनी चालायचे दोन पूल छताला टांगलेले. डिझाइनमध्ये लांबच लांब सळ्या दोन्ही पुलांतून सलग जात होत्या. जोडणीला अवघड, म्हणून एका सळीच्या दोन केल्या: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत दुसरी. 'फक्त' एवढाच बदल. पण आता खालचा पूल छतापासूनच्या सळीला नाही, वरच्या पुलालाच लटकला, आणि वरच्या नटावरचा भार दुप्पट झाला. हे गणित पोस्टकार्डावर मावतं. कुणी केलंच नाही, आणि ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का मात्र बसला. (मूळ डिझाइनसुद्धा नियमाच्या जेमतेम ६० टक्के भार पेलणारं होतं, ते आणखी वेगळंच.) वर्षभर काही झालं नाही. १७ जुलै १९८१ ला ११४ माणसं मेली.

हो, माहितीये, आता कुणीतरी फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त धरलेली ताकद, काढणार. असतो. पण तो आपल्याला न कळलेल्या गोष्टींसाठी ठेवलेला असतो, कळूनसवरून लपवलेल्या गोष्टी त्यात कोंबायला नाही.

आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी हसू नये. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारा कोड कुणीतरी बसून लिहिलाच होता. २०१५ मध्ये ते उघड झालं आणि २०१७ मध्ये त्यांच्या एका इंजिनिअरला अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. त्यालाही तेव्हा वाटलं असेल, आपण फक्त वरून आलेलं काम करतोय.

नोकरी जाते, हे मान्य. बॉइसजोलीलाही नंतर सहकाऱ्यांनी वाळीत टाकलं, त्याने ती कंपनी सोडली. घरात पगाराची वाट बघणारी माणसं असताना 'नाही' म्हणणं सोपं नसतं. बरं. पुढे.

पुढे म्हणजे काय, मघापासून तेच घोळतंय डोक्यात. साहेब बरोबरही असू शकतील. क्यूब खरंच वाईट भरले असतील आणि कॉलममधलं काँक्रीट ठणठणीत असेल. असं होतं, खूपदा होतं. तेव्हा रिबाउंड हॅमर (उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारा हातोडा) मारून बघतात, कॉलममधून कोअर, म्हणजे गोल नळकांड्यासारखे तुकडे, कापून तपासतात. ४१० हा आकडा म्हणजे शिक्षा नव्हती, एक प्रश्न होता. मी त्याचं उत्तर खोटं लिहिलं असंही नाही, मी तो प्रश्नच पुसला. त्यामुळे आज, २२ वर्षांनंतर, ते कॉलम चांगले आहेत की वाईट हे मलाही माहीत नाही आणि तिथे राहणाऱ्यांनाही.

त्या मुलाचं वय २४ आहे. मी तेव्हा २३ ची होते. मला रजिस्टर सरकवणारा कुणी होता, त्याला कोण होता हे मी विचारलंसुद्धा नाही. नुसती ओरडले. खरं सांगू? माझ्या ओरडण्यातून तो एवढंच शिकला असेल की पुढच्या वेळी २५.९, २६.४, २७.१ लिहायचं. म्हणजे मला कळणार नाही.

संध्याकाळी त्याला परत फोन केला. आवाज खाली ठेवून विचारलं, खरे आकडे किती? म्हणाला, "मॅडम, एक पाचशेच्या खाली आहे." मग पुढे, "मी डायलचा फोटो काढून ठेवलाय." ऐकून बसलेच मी खाली. मला तेव्हा एवढंही सुचलं नव्हतं. उद्या सकाळी तिथे जातेय, हॅमर घेऊन. कोअर कटिंगवाल्यालाही सांगितलंय.

१९७८ मध्ये विल्यम लमेझुरिए या इंजिनिअरला कळलं की न्यूयॉर्कमधला आपलाच ५९ मजली सिटीकॉर्प टॉवर तिरक्या वाऱ्यात धोक्यात आहे, कारण सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडलेत. त्याने स्वतः जाऊन मालकांना सांगितलं, आणि रात्री रात्री पोलादी पट्ट्या वेल्ड करून सांधे मजबूत केले गेले. लोकांना मात्र १९९५ पर्यंत पत्ता नव्हता. ते मला पटत नाही. पण मी कोण बोलणार?

त्या जुन्या इमारतीच्या सोसायटीला लिहिलेलं एक पत्र माझ्या मेलच्या ड्राफ्टमध्ये आहे. तिन्ही आकडे लिहिलेत त्यात, तारखेसकट. चार वर्षं झाली. मघाशी उघडून एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत बंद केलं.