‘शुक्रवारी किमो, सोमवारी ऑफिस’ : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

नावाच्या जागी तुम्ही फक्त ‘एका फिटरची बायको’ एवढंच लिहिलंय, म्हणून ताई म्हणते. तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली आणि तीन दिवस उत्तर द्यायचं टाळलं. पहिल्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला सांगू.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ताईंच्या मिस्टरांना ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, आहे. पहिली किमो संपवून ते घरी आले. कारखान्यातल्या एचआरवाल्यांनी ‘कधी जॉइन होताय’ असं विचारताना ‘शुक्रवारी किमो, सोमवारी ऑफिस’ या माझ्या जुन्या लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, ‘बघा, या मॅडम किमो चालू असताना ऑफिसला जायच्या.’ ताईंचं म्हणणं असं, की एसीत बसणाऱ्या बायका आपलं कौतुक लिहितात आणि त्याची काठी आमच्या पाठीत बसते. शेवटचं वाक्य: ‘तुम्ही काम करत राहिलात म्हणून बऱ्या झालात असं वाटतं वाचून. मग माझा नवरा झोपून आहे तो काय आळशी म्हणून?’

असं मी कुठेच लिहिलेलं नाही, हे ठणकावून सांगायचं म्हणून जुना लेख उघडला. शब्दांत लिहिलेलं नाही खरंच. पण लेखाचा सूर तोच आहे.

आधी सरळ चूक कबूल करते. त्या लेखात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘ब्लड कॅन्सर’ एवढंच म्हटलंय. मला होता हॉजकिन लिम्फोमा. लसिका ग्रंथींतला. त्याची किमो बाहेरच्या बाहेर होते: दर पंधरा दिवसांनी एकदा, चार-पाच तास सलाइन, संध्याकाळी घरी. सहा महिन्यांत अशा बारा वेळा. तुमच्या मिस्टरांच्या आजारात सुरुवातीलाच सलग सात दिवस रात्रंदिवस औषध चालू, त्यातले तीन दिवस जोडीला दुसरं, आणि मग काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, वर यायची वाट बघत महिनाभर वॉर्डात. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, दीड लाखाच्या वर असायला हव्यात, त्या दहा-वीस हजारांवर, आणि तुम्ही एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेटसाठी) रक्तगट जुळणारे लोक शोधत फिरताय. या दोन्हींना लोक एकच नाव देतात. तिसरीकडे सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हा सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर असतो. त्यात रोज इमॅटिनिबची गोळी घेऊन वर्षानुवर्षं नोकरी करणारे लोक आहेत. ‘ब्लड कॅन्सर असताना काम करता येतं का’ या प्रश्नाला म्हणून उत्तरच नाही. कुठला, कितव्या टप्प्यावर आणि काम कसलं, हे कळल्याशिवाय नाही.

काम कसलं, हे तर मी पूर्ण विसरले होते. माझे वडील आयुष्यभर वर्कशॉपमध्ये होते, मला तरी आठवायला हवं होतं. कानस मारताना, जॉब (घडवायचा लोखंडी तुकडा) हातात फिरवताना बोटांना रोज कुठेतरी कापतंच. कडेची बारीक कुसळं कातडीत शिरतात. वडील बोट तोंडात घालायचे, नाहीतर कॉटन वेस्टला, म्हणजे पुसायच्या सुताच्या गुंत्याला, पुसून पुढचा जॉब घ्यायचे. प्लेटलेट पडलेल्या आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाला तेवढी खरचट म्हणजे रात्री ताप आणि पुन्हा ॲडमिट. दोन किमोंच्या मधे तुमचे मिस्टर घरी असतात, चालतात-बोलतात, म्हणून साहेबांना बरे वाटत असतील. पण औषध संपल्यावर काउंट पडतात ते त्याच दिवसांत. तेव्हा घरी जपून राहणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आता एसीबद्दल. एसी होता. पण मी सोमवारी ऑफिसला का जायचे, ते लेखात लिहिताना मी गाळलं. लिहिलं होतं, ‘कामात मन रमायचं.’ खरं कारण असं, की उपचाराचा खर्च कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून चालला होता. नोकरी गेली की ती पॉलिसी गेली, आणि कॅन्सर झालेल्या माणसाला बाहेर नवी पॉलिसी कोण देणार? माझी रजा तिसऱ्या किमोलाच संपली. चौथ्या किमोनंतर सोमवारी मी ऑफिसला पोचले, मस्टरवर सही केली आणि रेकॉर्ड रूममध्ये बॉक्स फायलींवर डोकं टेकून दोन तास झोपले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने दाराला स्टूल लावून ठेवलं होतं. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा आणि आमचा हिशेब जुळवणं, त्या सहा महिन्यांत बहुतेक वेळा तिनेच केलं, आणि माझ्या नावावर खपवलं. किमोचे शुक्रवार सोडून ‘एकूण नऊच दिवस गैरहजर’ असं मी लेखात मिरवलंय ना, त्या हजेरीत हे सगळं आहे. तिचा त्या लेखात उल्लेखसुद्धा नाही. तिला काल फोन करून सांगितलं, तर म्हणाली, ‘बाई, ते छापू नकोस, मी अजून तिथेच नोकरीला आहे.’ म्हणून कंपनीचं नाव नाही, तिचंही नाही.

पण एका गोष्टीत मी तुमच्याशी भांडणार आहे. तुम्ही लिहिलंय, ‘कॅन्सरच्या माणसाला कामाला लावणं हेच पाप.’ असं सरसकट नको. घरी असले की सगळे माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलायचे. सासूबाई दाराशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. ऑफिसात मात्र कुणीतरी येऊन खेकसायचं, ‘अहो, या पार्टीचं डेबिट नोट कुठंय?’ आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. ज्याला जमतंय, ज्याच्या डॉक्टरांची हरकत नाही आणि ज्याला स्वतःला जावंसं वाटतंय, त्याला ‘तू आता आराम कर’ म्हणून बाजूला बसवणं हाही छळच आहे. तुमचे मिस्टर बरे झाले, की तुम्हीच त्यांना अडवाल, अशी मला भीती वाटते. रागावू नका.

आणि खरं सांगू का, उपचार चालू असतानाचे दिवस त्या मानाने सोपे होते. टक्कल दिसत होतं, त्यामुळे लोक जागा द्यायचे. उपचार संपले, केस आले, पेढे वाटले, आणि सगळ्यांच्या लेखी विषय संपला. माझा तिथे सुरू झाला. एका औषधाने बोटांची टोकं बधिर झाली होती. कीबोर्डाच्या आकड्यांच्या भागात ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. अकाउंट्सची माणसं त्याच्यावर बोट ठेवून न बघता आकडे मारतात. मला तो उंचवटाच लागेना. पंधरा वर्षं न बघता टाइप करणारी मी एकेका आकड्यासाठी मान खाली घालायला लागले. डोक्याचंही तेच. एकदा २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना एकच बिल दोनदा घेतलं, आणि जुन्या पार्टीचं नाव फोनवर बोलता बोलता डोक्यातून पुसलं गेलं. वर्षाअखेरीस रेटिंग खाली आलं, शेरा ‘कामाचा वेग कमी’. खरंच होता कमी. पूर्ववत व्हायला मला दीड वर्ष लागलं.

प्रवासाचंही असंच. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसता येतं. केस आल्यावर त्या डब्यात चढले, की कुणीतरी विचारायचंच, ‘तुमचं काय?’ मी हॉस्पिटलची फाइल पर्समध्ये न ठेवता हातात धरायला लागले. मात्र डब्यात जागा असली तरी दिव्यांगांच्या कायद्यात नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत, रक्ताचा कॅन्सर नाही. इंग्लंडमध्ये कॅन्सरचं निदान झालं, की त्या दिवसापासून माणूस कायद्याने दिव्यांग धरला जातो आणि कामात सवलती देणं मालकावर बंधनकारक होतं. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात उलट होतं: सततच्या आजारपणामुळे कामगाराला काढलं, तर तो कायदा त्याला कामगारकपातही म्हणत नसे, त्यामुळे कपातीची भरपाईही नसे. म्हणून एचआरच्या त्या मेसेजला तुम्ही घाबरलात, ते उगीच नाही.

एक काम मात्र लगेच करा. मिस्टरांच्या पगारपत्रकावर ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी विम्याची) कपात आहे का बघा. मूळ अट महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराची आहे. कपात होत असेल, तर नेहमीचा आजारपणाचा लाभ ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के, हा बहुतेकांना माहीत असतो. त्याच्या पुढचा वाढीव लाभ फार थोड्यांना माहीत आहे: ३४ दीर्घ आजारांची यादी आहे, कॅन्सर त्यात आहे, आणि त्यासाठी पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. नोकरीला सलग दोन वर्षं झालेली हवीत आणि आधीच्या चार वर्गणी कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. डिस्चार्ज कार्ड आणि बायॉप्सीच्या रिपोर्टच्या झेरॉक्स घेऊन शाखा कार्यालयात जा. फोनवर विचारत बसू नका. आणि पुढे कधी कामावर जायची वेळ आली, तर डॉक्टरांकडून नुसतं ‘फिट’ असं सर्टिफिकेट घेऊ नका. मी घेतलं आणि फसले. उभं राहून किती तास, वजन किती, धूळ-तेलात चालेल का, रात्रपाळी चालेल का, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

जुन्या लेखाच्या वर आता आजाराचं पूर्ण नाव आणि बारा किमोंचं वेळापत्रक टाकलंय. ‘नऊच दिवस’ हे वाक्य काढलेलं नाही. त्याच्याखाली रेकॉर्ड रूमची गोष्ट जोडली आहे. एचआरच्या साहेबांनी पुन्हा लिंक पाठवली, तर त्यांना ही पाठवा. आणि मिस्टरांचे काउंट कसे येतायत ते कळवा, इथे नको असेल तर मेल करा.